नव्याण्णव सेंटीमीटर : आखूड स्कीच्या प्रकल्प नोंदी

१४ सप्टेंबर

मागच्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी ओळखीच्या एकाने पायातल्या आखूड स्की काढून माझ्यापुढे टाकल्या आणि म्हणाला, "एक फेरी मारून बघ." मी चार मारल्या. हातात काठ्या नाहीत, पायाखाली जेमतेम मीटरभर फळी, आणि प्रत्येक वळणाला आपोआप हसू फुटत होतं. तेव्हापासून अशी जोडी स्वतः बनवायची हे डोक्यात आहे.

आज भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, ती खेळणी असतात." म्हटलं, म्हणूनच तर. दोन आठवड्यांत उरकू.

(वरचं वाक्य खोडायचं नाही, असं आत्ताच ठरवून ठेवतो.)

१८ सप्टेंबर

दोन दिवस वाचन. मला वाटत होतं हे खूळ नव्वदच्या दशकातलं. तसं नाही. आल्प्समध्ये, विशेषतः टिरोलकडे, 'फिगल' नावाच्या आखूड स्की आधीपासून आहेत. चढून वर जायचं, गिर्यारोहणाच्या बुटांवरच त्या बांधायच्या आणि वसंतातल्या ओलसर, घट्ट बर्फावरून खाली यायचं. अमेरिकेत क्लिफ टेलर यांनी १९६०च्या दशकात आखूड स्कीवर शिकवायला सुरुवात केली. नवख्याला पहिल्या दिवशी लांब स्कीवर उभं करण्याऐवजी आधी आखूड द्यायची, जमलं की थोडी लांब, मग आणखी लांब. पुढे 'ग्रॅज्युएटेड लेंग्थ मेथड' म्हणून ही पद्धत पसरली. म्हणजे आखूड स्की हे आधी पाटी-पेन्सिल होतं, खेळणं नंतर झालं.

खेळणं केलं ते ऑस्ट्रियाच्या क्नाइस्ल कंपनीने. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची 'बिग फूट' आली. पाऊण मीटरहून कमी लांबी, आणि टोकाला चक्क पायाची बोटं! ती बोटं काहीही काम करत नाहीत. मला ते फार आवडलं. मग सालोमोनची 'स्नोब्लेड' आली आणि झेरॉक्ससारखं तेच नाव सगळ्या जातीला चिकटलं. दोन्हीकडे वळवलेली टोकं, रुंद अंग आणि उड्या मारण्याचा हेतू असेल तर तिला स्कीबोर्ड म्हणायचं, असा साधारण रिवाज आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी विंटर एक्स गेम्समध्ये (बर्फावरच्या कसरतींचे मोठे सामने) स्कीबोर्डची स्पर्धासुद्धा होती.

मग ही लाट का ओसरली? माझा अंदाज असा. त्याच दशकात कंबर (म्हणजे स्कीची मधली रुंदी) बारीक असलेल्या नव्या स्की आल्या, एलान कंपनीची एससीएक्स वगैरे. नेहमीच्या स्कीच आखूड आणि सहज वळणाऱ्या झाल्या. आखूड स्कीची निम्मी जादू मोठ्या बहिणीने उचलून नेली. उरला तो निव्वळ पोरकटपणा, आणि मला तोच हवा आहे.

२२ सप्टेंबर

आकार ठरला. एकूण लांबी ९९ सेंमी. पुढचं टोक आणि शेपूट वर वळतं, त्यामुळे सपाट बर्फाला टेकणारी लांबी ८४ सेंमी. पुढे सर्वात रुंद जागी ११४ मिमी, कंबर ९२, मागे ११२.

हे आकडे हवेतून आलेले नाहीत. स्की कडेवर कलंडली की तिच्या बाजूची कमान बर्फात एक वर्तुळ कोरू पाहते. त्याची त्रिज्या काढायला कमानीची खोली लागते : पुढची आणि मागची रुंदी मिळवायची, त्यातून कंबरेची दुप्पट वजा करायची, चाराने भागायचं. माझी १०.५ मिमी आली. मग टेकणाऱ्या लांबीचा वर्ग भागिले खोलीची आठपट : ८४० गुणिले ८४० भागिले ८४, म्हणजे ८४०० मिमी. साडेआठ मीटरला थोडं कमी.

तुलनेला, पुरुषांच्या शर्यतीतली १६५ सेंमीची स्लालम स्की (जवळजवळच्या खांबांमधून वळत जायची) साधारण १२-१३ मीटरची असते आणि जायंट स्लालमची (खांब लांब लांब, वळणं मोठी) ३० मीटरची. भाचा म्हणाला, "मग आपली स्लालमपेक्षा भारी?" भारी नाही. वर्गामुळे लांबी आखडली की त्रिज्या आपोआप कोसळते. कंबर आणखी बारीक केली तर त्रिज्या सहा मीटरवर येईल आणि स्की सरळ जायचंच विसरेल.

आखूड स्कीवर वळणं सोपं असतं त्याचं निम्मं कारण ही त्रिज्या. उरलेलं कारण याहून साधं : पाय जागच्या जागी फिरवला तर फिरवायला फार काही नसतंच.

२९ सप्टेंबर

आजचा दिवस बाइंडिंगवर, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीवर गेला आणि घरात वाद झाला.

बऱ्याच आखूड स्कीवर न सुटणारं बाइंडिंग असतं. बूट अडकवायचा, कडी लावायची, संपलं. पडलात तरी स्की पायाला तशीच. हलकं, स्वस्त, सोपं. भाच्याला तेच हवं होतं. त्याचं म्हणणं, एवढीशी फळी, ती काय पाय मोडणार?

अर्धं बरोबर आहे. स्की लांब असली की ती दांड्यासारखी काम करते. टोक बर्फात अडकलं की सगळा पीळ गुडघ्यात जातो. फळी आखूड असेल तर पीळ कमी, गुडघा त्या मानाने वाचतो. पण तोंडावर पडताना काय होतं? बूट फळीला जखडलेला, फळी बर्फात थांबलेली, आणि वरचं सगळं अंग पुढे निघालेलं. नडगी बुटाच्या वरच्या काठावर रेलते. आखूड स्कीवाल्यांच्या दुखापतींचे जे अभ्यास झाले, त्यांत नडगीचं हाड मोडण्याचं प्रमाण नेहमीच्या स्कीवाल्यांपेक्षा जास्त दिसलं आहे. हाड कुठे मोडतं ते वाचून मी पुस्तक मिटलं.

तेव्हा नेहमीचं सुटणारं बाइंडिंगच लावायचं. माझ्या जुन्या स्कीवरची जोडी काढली. त्याचे ब्रेक (सुटलेली स्की थांबवणारे) ९५ मिमीच्या कंबरेपर्यंत चालतात, आपली ९२, म्हणजे बसतं. वजन मात्र वाढणार. भाचा रुसून गेला. रुसू दे.

६ ऑक्टोबर

साचा. १८ मिमीच्या एमडीएफच्या (दाबलेल्या लाकूडभुश्याच्या फळीच्या) पट्ट्या एकाच आकारात कापून शेजारी शेजारी चिकटवल्या. पहिली पट्टी हाताने घासून तंतोतंत केली आणि बाकीच्या तिच्यावर ठेवून राउटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) त्याच रेषेत आणल्या. मधे ३ मिमीची कमान (वजन नसताना फळीचा मधला भाग एवढा वर राहतो), पुढचं टोक ४५ मिमी उचललेलं, शेपूट ३०. घरभर भुसा झाला. आणखी सांगण्यासारखं काही नाही.

१२ ऑक्टोबर

गाभा. पॉप्लर आणि ॲश या लाकडांच्या पट्ट्या उभ्या एकाआड एक चिकटवून फळी केली. पॉप्लर हलकं, ॲश चिवट. ॲश मुद्दाम मधोमध घेतलं, कारण बाइंडिंगचे स्क्रू तिथेच जाणार.

जाडी किती ठेवायची यावर फार विचार केला नाही. माझी एक लांब स्की मधे कापून बघितलेली होती (मोडली होती म्हणून कापली). तिचा गाभा मधे ११ मिमी, टोकांना २ मिमीच्या आसपास. तेच घेतलं. राउटरला उतरत्या पट्ट्यांवर सरकवत गाभा दोन्हीकडे निमुळता केला. शेवटचा हात रंध्याने मारला, केवळ सुखासाठी.

भाचा बोटाने ठोकून म्हणाला, "एवढं जाड?" म्हटलं, मजबूत पाहिजे.

२० ऑक्टोबर

पोलादी कडा वाकवल्या. या कडेला आतल्या बाजूने दातेरी पट्टी असते. ती तळाच्या प्लास्टिकवर बसते आणि वरच्या थरात रुतते. सरळ भाग पाच मिनिटांत झाला. टोकाच्या वळणाला दीड तास. थोडं जास्त वाकलं की उलटं वाकवायचं, मग दुसरीकडे पोक येतो, मग तो काढायचा. चार कडांपैकी चौथी सगळ्यात चांगली झाली. म्हणजे आता पहिली पुन्हा करावी असं वाटायला लागलं. केली नाही.

तळाचं प्लास्टिक म्हणजे अतिदीर्घ साखळीचं पॉलिइथिलीन. त्याला काहीही चिकटत नाही, म्हणून तर ते बर्फावर घसरतं. चिकटवायची बाजू कारखान्यातच ज्योतीवरून फिरवून, खरखरीत करून आलेली असते. त्या बाजूला बोट लावायचं नाही. मी लावलं, मग स्पिरिटने पुसलं.

२७ ऑक्टोबर

आज थर रचले. सकाळी सगळं कोरडं रचून बघितलं, दोनदा. खालून वर : कडा चिकटवलेला तळ, कडांवर रबराची पातळ पट्टी, काचतंतूचं कापड, गाभा, पुन्हा काचतंतू, वरचा नायलॉनचा पापुद्रा. ती रबराची पट्टी दिसायला क्षुल्लक. पण थंडीत पोलाद आणि रेझिन (थर चिकटवणारा, वाळून कडक होणारा द्रव) वेगवेगळे आकसतात, आणि दगडावर कड आपटली की तो दणका मधे कुठेतरी जिरायला हवा. ही पट्टी ते काम करते.

कापड दर चौरस मीटरला ७५० ग्रॅमचं, तीन दिशांच्या तंतूंचं. लांबीच्या दिशेचे तंतू वाकण्याला अडवतात, तिरके दोन पिळाला.

रेझिन आणि ते कडक करणारा हार्डनर काट्यावर मोजून मिसळलं. संथ हार्डनर घेतला होता, तरी डबा हातात कोमट व्हायला लागला की घाम फुटतो. पसरट ताटलीत ओतलं की उष्णता निघून जाते आणि वेळ मिळतो. भाचा आला होता (रुसवा गेला असावा, किंवा रेझिनचं कुतूहल जास्त असावं). त्याने कापड भिजवलं, मी रोलर फिरवला.

मग व्हॅक्यूम पिशवी. पंप सुरू केला, काटा चढला, ०.६ बारवर अडला. कुठेतरी फूं असा बारीक आवाज. दोघंही कान लावून पिशवीभोवती रांगत होतो. चिकटपट्टीच्या एका कोपऱ्यात सुरकुती सापडली. ती दाबल्यावर ०.८५. एवढ्या दाबात एका फळीवर वातावरणाचं जवळजवळ एक टन ओझं बसतं, आणि क्लॅम्प एकही नाही. भाच्याला हे खरं वाटेना. हिशेब मांडून दाखवला तेव्हा तो पिशवीकडे जरा आदराने बघायला लागला.

२८ ऑक्टोबर

चोवीस तासांनी पिशवी फाडली. एका फळीच्या शेपटीकडे नाण्याएवढा हवेचा फुगा, बाकी छान. बाहेर आलेलं काचतंतूचं कापड जिगसॉने कापलं. मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि तरीही रात्री मनगटं खाजतायत.

१० नोव्हेंबर

कडा घासल्या. तळाच्या बाजूने १ अंश, बाजूने २. बाइंडिंगसाठी भोकं : गाभ्यात धातूचा पत्रा नाही म्हणून ३.६ मिमीचं बिट, खोली ९ मिमी, बिटवर खोली अडवणारी कॉलर. मागे एकदा फक्त चिकटपट्टी गुंडाळून भोक पाडलं होतं. पट्टी सरकली आणि बिट तळातून बाहेर आलं. या वेळी कॉलर.

बुटाचा मध्य फळीच्या मध्यापासून १५ मिमी मागे. बाइंडिंग सुटण्याचा आकडा वजन, उंची, वय, तळव्याची लांबी आणि कौशल्य यांवरून तक्त्यात मिळतो, पण तक्ता म्हणजे प्रत्यक्ष नव्हे. यंत्रावर तपासून घेतलं. उजवी टाच तक्त्याच्या मानाने उशिरा सुटत होती, ती सैल केली.

७ डिसेंबर

बर्फ पडला, उतार उघडले. गेलो.

सरळ लिहितो : वाईट आहे.

पाय फिरवला की स्की फिरते, हे खरं. पण कडेवर कलंडवून वाट बघितली की ती वळेल, तर ती सरळच जाते. पाटावर उभं राहून घसरावं तसं. जास्त कलंडवलं की कड मधेच तेवढी चावते, दोन्ही टोकं हवेत, आणि मग खडखड खडखड करत खाली. साडेआठ मीटरचं वर्तुळ कागदावरच राहिलं. तिसऱ्या फेरीत मागे रेललो. लांब स्कीची शेपूट अशा वेळी सावरून घेते, इथे शेपूटच नाही. पाठीवर. बाइंडिंग सुटलं नाही, कारण सुटण्यासारखं काही घडलंच नव्हतं. मी नुसता बसलो होतो.

लिफ्टमध्ये शेजारच्या बाई म्हणाल्या, "किती गोड आहेत हो!" त्या स्कीबद्दल बोलत होत्या.

८ डिसेंबर

रात्रभर डोक्यात तेच. सकाळी दोन स्टुलांवर लांब स्की आडवी ठेवली, टेकणाऱ्या बिंदूंवर आधार दिला आणि मधे २० किलो लटकवले. ५२ मिमी वाकली. माझी फळी तशीच ठेवली. ९ मिमी.

मी कपाळावर हात मारला. टेकलेली फळी किती वाकते ते लांबीच्या घनावर ठरतं. लांब स्कीची टेकणारी लांबी १४५ सेंमी, हिची ८४. गुणोत्तर १.७३, त्याचा घन पाचाच्या वर. तोच गाभा, तेच कापड, वर रुंदीही जास्त. म्हणजे मी पाच-सहापट ताठ स्की बनवली होती आणि तिला 'मजबूत' म्हणत होतो.

पण खरी गोम पुढे निघाली. बूट घालून पुन्हा मोजलं, कारण बर्फावर बूट असतोच. लांब स्की ५२वरून ४०वर आली. माझी ९वरून ४वर! बुटाचा तळवा ३१५ मिमी. पुढचं आणि मागचं बाइंडिंग फळीला स्क्रूने जखडलेलं, मधे बुटाचं कडक प्लास्टिक. एवढा भाग जवळजवळ वाकतच नाही. लांब स्कीत ही ताठ जागा एक पंचमांशाहून थोडी जास्त. माझ्या फळीत तीन अष्टमांश. दोन्ही बाजूंना वाकायला उरतात फक्त २६-२६ सेंमी, आणि तिथेही घनाचा नियम आहेच.

किती वाकायला हवी? फळी ४५ अंशांत कलंडली की कमानीच्या खोलीएवढी, म्हणजे १०.५ मिमी, शिवाय मधली ३ मिमीची कमान सपाट व्हायला हवी. साडेतेरा मिमी वाकली तरच पूर्ण कड बर्फाला टेकेल. हिच्यात ते त्राण नाही.

१५ डिसेंबर

आठवडाभर कागद खराब केले. गाभा पातळ करायचा हे उघड आहे. अशा थरांच्या सँडविचमध्ये ताठपणा मुख्यतः काचतंतूच्या दोन थरांतल्या अंतरावरून येतो, तो ढोबळमानाने अंतराच्या वर्गाने बदलतो. ११चा साडेसात केला तर निम्म्याहून कमी होईल. पण बाइंडिंगच्या स्क्रूला ९ मिमी खोली लागते! पातळ केलं तर स्क्रू धरणार कशाला? मधे जाड ठेवलं तर पुन्हा ताठ.

तोडगा भाच्याने काढला, आणि हे लिहिताना मला थोडं जड जातंय. तो म्हणाला, "मामा, बाइंडिंग स्कीला लावूच नकोस. एका पट्टीला लाव, आणि पट्टी मधोमध स्कीला लाव." मी त्याला सांगायला गेलो की ते का चालणार नाही, आणि वाक्याच्या मधेच थांबलो.

स्कीबोर्डवाले हेच करतात. फळीत मध्यभागी ४ सेंमी बाय ४ सेंमीच्या चौकोनात चार नट बसवलेले असतात, स्नोबोर्डमध्ये असतात तसेच, सहा मिमीचे आटे. त्यावर उंच पट्टी बोल्टने आवळायची आणि सुटणारं बाइंडिंग पट्टीवर. मग जखडलेली जागा ३१ सेंमीऐवजी ४ सेंमी, आणि बुटाखाली फळी मोकळी वाकते. पाय अडीच सेंमी वर जातो तो वेगळा फायदा. कडेवर कलंडताना तरफ वाढते आणि बूट बर्फाला घासत नाही. मी ती पट्टी बघितली होती. उंची वाढवायची हौस असेल असं समजून पुढे गेलो होतो.

पट्टी १५ मिमीच्या ॲल्युमिनियमची, खाली १० मिमीचा ठोकळा. वजनाचं बोलायचं नाही.

४ जानेवारी

दुसरी जोडी रचली. गाभा मधे ७.५ मिमी, टोकांना १.८. नट खालच्या बाजूने गाभ्यात बसवले, प्रत्येकाच्या आट्यात मेण भरलं म्हणजे रेझिन शिरणार नाही. पिशवी पहिल्या फटक्यात ०.८५. एका आट्यात तरीही रेझिन गेलंच, टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ केला.

११ जानेवारी

स्टुलांची परीक्षा, बूट आणि पट्टीसकट : २० किलोला १७ मिमी. भाच्याने आकडा मोठ्याने वाचला आणि मग दुसऱ्यांदा वाचला. बाइंडिंग पट्टीवर लावल्यानंतर सुटण्याची तपासणी पुन्हा यंत्रावर करून घेतली. या वेळी चारही जागा तक्त्यात.

१८ जानेवारी

सकाळी साडेनऊ, रात्री यंत्राने दाबलेला घट्ट बर्फ, उतार मध्यम.

पहिल्याच वळणाला कळलं. घोटे उजवीकडे ढकलले, आणि फळी स्वतःहून आत आली. मागे वळून पाहिलं तर बर्फात दोन बारीक, स्वच्छ रेघा, पेन्सिलीने काढाव्यात तशा. आवाजही वेगळा. खडखड नाही, कापड फाटल्यासारखी सर्र. मी उताराच्या मधोमध थांबून ती रेघ बघत उभा राहिलो. मागच्या माणसाने ओरडून बाजूला केलं, बरोबरच केलं.

दिवसभराची निरीक्षणं, सुचतील तशी.

उभं राहायची जागा एकच आहे : बरोबर मधे. लांब स्कीवर पुढे-मागे रेलण्याची जी सवलत असते ती इथे नाही. आळसावून टाचांवर गेलात की आकाश दिसतं. नडगी बुटाच्या जिभेला हलकी टेकलेली आणि गुडघे सैल, तर सगळं जमतं. मी वर्षानुवर्षं मागे रेलून स्की करत होतो. लांब शेपूट ते झाकत होती. क्लिफ टेलर यांचे विद्यार्थी आखूड स्कीवर लवकर का शिकत असतील ते पायांना समजलं.

काठ्या नकोतच. हात काय करायचे हे पहिला तासभर कळत नाही, मग विसरायला होतं.

सपाटीवर स्केटिंग करत जाणं अप्रतिम. पाय एकमेकांत अडकत नाहीत. उलटं जाणं, जागच्या जागी गिरकी, सगळं दुपारपर्यंत आलं. गिरकीत मी दोनदा आपटलो, भाचा एकदाही नाही. वय, दुसरं काय.

वेग वाढला की मात्र ती बिथरते. ठरावीक वेगाच्या पुढे टोकं थरथरतात आणि प्रत्येक खळगा पायात जाणवतो. लांब स्की दोन-तीन खळग्यांवर एकदम पूल टाकते, ही एकेकात उतरते. दुपारी बर्फ उकरला गेल्यावर मजा निम्मी झाली. कडेच्या भुसभुशीत बर्फात गेलो तर सरळ गुडघ्यापर्यंत. सोपा हिशेब आहे, तेच वजन कमी क्षेत्रफळावर. तिथून बाहेर यायला दहा मिनिटं लागली आणि त्यातली आठ हसण्यात गेली.

१९ जानेवारी

आठही बोल्ट तपासले. दोन पाव वळसा सैल. काढून आट्याला चिकट द्रव लावला, पुन्हा आवळले. यापुढे दर फेरीच्या दिवशी सकाळी पाना खिशात.

१ फेब्रुवारी

भाचा जोरात पडला. तो उलटा जात होता, मागे वळून पाहिलं नाही, बर्फाच्या ढिगाला टाच लागली, भोवऱ्यासारखा फिरून तोंडावर. डावं बाइंडिंग सुटलं, मग उजवं. एक फळी ब्रेक टेकवून चार पावलांवर थांबली, दुसरी ढिगातच रुतली. तो उठून बसला, तोंडातला बर्फ थुंकला आणि म्हणाला, "मामा, सुटलं."

मी "हो" म्हटलं. सप्टेंबरमधल्या वादाबद्दल दोघंही काही बोललो नाही. घरी येताना मात्र त्याने पट्ट्यांवर काय रंगवायचं ते ठरवलं : पायाची बोटं. पाच-पाच.

२२ फेब्रुवारी

उजव्या फळीच्या तळाला दगडाचा ओरखडा, दोन इंच लांब, गाभ्यापर्यंत नाही. पॉलिइथिलीनची कांडी पेटवून थेंब भरले, थंड झाल्यावर पात्याने सपाट केले. मेण लावलं, इस्त्री १३० अंशांवर, सतत सरकती. फळी आखूड असल्याचा एक फायदा कुणी सांगत नाही : मेण निम्म्या वेळात लागतं.

पहिली, ताठ जोडी टाकवत नव्हती. आता ती कामाच्या टेबलाच्या वर कंसांवर आडवी बसवली आहे आणि तिच्यावर रेझिनचे डबे ठेवले आहेत. चौदा किलो. मधे मोजपट्टी लावून बघितली, एक मिलिमीटरही वाकलेली नाही.

डाव्या फळीच्या शेपटीचा कोपरा सुटायला लागलाय, नखाने उचकतो. उद्या सुईने रेझिन भरून रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवायचं. बोटांचा रंग अजून वाळायचाय.